ही ओळ कधी चालते?

‘चालत नाही’ ही तक्रार तांडेलताईंना मान्यच नव्हती. कोणी येऊन म्हणालं, “ताई, बिल्ड चालत नाहीये,” की त्या पडद्यावरची नजर न काढता विचारत, “कुठली ओळ? आणि ती कधी चालते?” पहिल्या प्रश्नाला उत्तर असायचं. दुसऱ्याला माणूस गुपचूप आपल्या जागेवर परत जायचा.

ताई पालीच्या कोळीवाड्यातल्या. वडील मासेमारीच्या बोटीवर तांडेल, म्हणजे बोटीचे प्रमुख. आमच्या मिरा रोडच्या सॉफ्टवेअर कंपनीत ते नाव लेकीला चिकटलं. कंपनीने दिलेलं पद बरंच लांबलचक होतं आणि ते कोणालाच पाठ नव्हतं. काम मात्र साऱ्यांना ठाऊक होतं. आमचं सॉफ्टवेअर बेचाळीस छोट्या प्रकल्पांचं मिळून बनलेलं, आणि ते सगळे जोडून तयार माल बाहेर काढणारी बिल्ड स्क्रिप्ट ताईंच्या ताब्यात होती.

नव्या माणसाला त्या एकच धडा देत. “ही स्क्रिप्ट आधी बेचाळीसही प्रकल्पांच्या फायली वाचून कोणी काय करायचं ते ठरवते. मग त्यातलं मागितलेलं तेवढंच करते. माझे बाबा बंदरावर ठरवायचे, जाळं कोण टाकणार, बर्फ कोण बघणार. टाकायचं ते समुद्रात. बंदरावरच जाळं टाकलंस तर काय मिळंल? चपला!”

मी मान डोलावली होती. मान डोलावण्यात मी पहिल्यापासून हुशार.

पुढे बिल्ड मंदावली. कितीही लहान काम मागा, अकरा मिनिटं. आम्ही तेवढ्यात खाली जाऊन चहा पिऊन येऊ लागलो. सिल्व्हर पार्कच्या कोपऱ्यावरचा चहावाला लांबूनच विचारायचा, “क्या साहब, फिर लटका?” शेवटी आमच्या साहेबांनी एक सल्लागार आणला. त्याच्या सादरीकरणात बाण फार होते, आणि सगळे वर जाणारे. निष्कर्ष असा, की ही स्क्रिप्ट जुनाट आहे, ती टाकून द्यावी आणि काम बाहेरच्या कंपनीकडे सोपवावं. म्हणजे ताईंसकट आम्ही चौघं घरी.

ताई मागच्या रांगेतून म्हणाल्या, “सर, एक करा. काही बनवू नका. नुसती कामांची यादी मागा.”

सल्लागाराने ऐटीत कमांड दिली. यादी येईना. पडद्यावर बाण नव्हता, नुसता लुकलुकणारा कर्सर होता. साहेबांनी दोनदा घड्याळ पाहिलं.

“काही करायचंच नाहीये, तरी एवढा वेळ काय करतंय ते?” ताई म्हणाल्या. “कोणीतरी बंदरावर जाळं टाकतंय.”

त्यांनी सगळ्या प्रकल्पांची सामायिक फाईल उघडली आणि थेट एका ओळीवर थांबल्या. ताजा आवृत्ती क्रमांक सर्व्हरला विचारणारी ओळ. ती क्रमांक छापण्याच्या कामाच्या कंसात हवी होती, आणि होती कंसाबाहेर. कंसातलं ते काम मागितलं तरच चालतं, बाहेरचं दर वेळी. त्यामुळे कोणी काहीही मागितलं, की नुसत्या ठरवाठरवीतच बेचाळीस प्रकल्प एकामागून एक सर्व्हरला तोच प्रश्न विचारत बसत.

ओळ माझी होती. कोणती ओळ कोणी लिहिली हे पाहायला एक क्लिक पुरतो.

ताईंनी ओळ उचलून कंसात ठेवली आणि पुन्हा यादी मागितली. चार सेकंद. सल्लागार आपला लॅपटॉप आवरू लागला.

“कोणी लिहिली होती ही?” साहेबांनी विचारलं.

“ओळीत काय वाईट न्हाय, सर. जागा चुकली होती.” घरचा ‘न्हाय’ ताईंच्या तोंडून ऑफिसात तेव्हाच निघे, जेव्हा विषय संपलेला असे. त्यांनी फाईल बंद केली.

बाहेर आल्यावर मला एवढंच म्हणाल्या, “पुढच्या नव्या पोरांना तू शिकव. तुला आता कळलंय.”

गेल्या वर्षी ताई निवृत्त झाल्या. निरोपाचं भाषण त्यांनी होऊ दिलं नाही. त्यांची खुर्ची माझ्याकडे आली, लांबलचक पदासकट. मी तांडेलताईंच्या हाताखाली शिकलो, हे मी कोणी न विचारताही सांगतो.

परवा बिल्ड पुन्हा अडली. माझ्या खांद्यावरून वाकून साहेबांनी विचारलं, “कोणाची ओळ आहे ही?” शेजारी उभी असलेली नवी मुलगी पांढरी पडली होती.

मी आधी फाईल बंद केली.