सर्व्हेअर काकांचा निर्वाळा

कुणी काहीही सांगितलं की सर्व्हेअर काका मान तिरकी करून विचारायचे, "हे तुला कोणी सांगितलं?" दुधाच्या कॅनवरची तारीखही ते चष्मा वर करून दोनदा वाचत. शेजारच्या संदीपचे हे वडील २००४च्या उन्हाळ्यात अमेरिकेत, आमच्या आयसेलिनला आले होते. मुंबईत तीस वर्षं त्यांनी विम्यासाठी बोटी तपासल्या होत्या. बोट बुडाली की मुद्दाम बुडवली, हे ठरवायचं काम. म्हणायचे, "लोखंड खोटं बोलत नाही. क्लेमचा फॉर्म भरणारा बोलतो."

मी डिपेंडंट व्हिसावर, म्हणजे नोकरी नाही आणि वेळच वेळ. त्यामुळे काकांना फिरवणं माझ्याकडे आलं. एका दुपारी आम्ही लायब्ररीत गेलो. महायुद्धात बुडालेल्या एका युद्धनौकेचं छोटं प्रदर्शन होतं. जॉर्ज नावाचे ऐंशीच्या घरातले गृहस्थ माहिती सांगत होते. त्यांचा थोरला भाऊ त्या नौकेबरोबर गेला होता. टेबलावर गंजलेला पत्र्याचा तुकडा होता, नौकेच्या सांगाड्यातून काढलेला म्हणून विकत घेतलेला.

काका खिशातलं भिंग काढून त्यावर वाकले. काउंटरवरची बाई आमच्याकडे रोखून बघायला लागली. ९/११ नंतरच्या त्या दिवसांत आपला माणूस काही निरखायला लागला की लोक त्यालाच निरखत. "काका, चला ना," मी म्हटलं. ते सरळ जॉर्जना म्हणाले, "हा पत्रा समुद्रात कधी गेलेलाच नाही. खाऱ्या पाण्यात लोखंड थराथराने सुटतं. हा कुणाच्या तरी अंगणात पावसात गंजलाय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जॉर्ज मात्र हळूच म्हणाले, "मलाही शंका होती. इतक्या वर्षांत बोललं कुणी नाही." त्यांनी आम्हाला घरी बोलावलं.

घरी त्यांनी एक फाइल उघडली. त्यात नौदलाचं पत्र होतं: भावाला तत्काळ मृत्यू आला. "असं पत्र सगळ्यांच्याच घरी गेलं असणार," जॉर्ज म्हणाले. सोबत नौकेचा नकाशा होता, भावाची खोली खुणेने दाखवलेली, आणि समुद्रतळावर पडलेल्या सांगाड्याचे फोटो. "तो लगेच गेला, की बंद खोलीत पाणी चढताना बघत राहिला? आई मरेपर्यंत हेच विचारत होती. मला यातलं काही वाचता येत नाही."

काका तासभर भिंग घेऊन बसले. एक फोटो बराच वेळ पाहून त्यांनी उपडा ठेवला. मग दुसऱ्यावर बोट ठेवून म्हणाले, "इथला पत्रा बाहेरच्या बाजूला फाटलाय. म्हणजे स्फोट आतून, त्याच्या खोलीलगत. त्याला काही कळलंही नसेल."

जॉर्जनी उठून कॉफी केली आणि भावाच्या लहानपणच्या खोड्या सांगायला लागले.

परतताना ड्राइव्ह करता करता मी विचारलं, "काका, तो उपडा ठेवलेला फोटो कसला होता?"

"अंधुक होता."

"मग तुम्ही सांगितलंत ते खरं ना?"

"रिपोर्ट दिलाय मी," ते म्हणाले.

ऑक्टोबरात काका मुंबईला परतले. पुढच्या वर्षी ते वारल्याचं संदीपकडून कळलं, तेव्हा मी जॉर्जकडे जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "मला तोंडावर खरं सांगणारा तो एकटाच होता." पत्रा खोटा आहे असं काकांनी स्पष्ट सांगितलं होतं, म्हणूनच जॉर्जनी त्यांचं पुढचंही खरं मानलं होतं.

फाइल समोरच्या कपाटात होती. मागितला असता तर जॉर्जनी तो उपडा ठेवलेला फोटो लगेच काढून दिला असता. मी मागितला नाही.