स्वतःलाच आग्रह

एडिनबराहून लीड्सला जाणाऱ्या ट्रेनमध्ये तो माझ्यासमोर बसला, तो दोन सीट भरून. दोन हजार दोनची गोष्ट असेल. अमेरिकन फुटबॉल खेळायचा. बॉल घेतलेल्या माणसापुढे भिंत होऊन उभं राहायचं, एवढंच त्याचं काम. शाळेत कोचने हेरला, मग कॉलेजने उचलला, आता अमेरिकेतल्या मोठ्या लीगने एका सीझनपुरता स्कॉटलंडला पाठवला होता. इथे टिकला तर तिथे जागा.

दर तासाला तो घड्याळ बघायचा आणि डब्यातला भात-चिकन खायचा. येणाऱ्या-जाणाऱ्याला लागू नयेत म्हणून कोपरं अंगाशी आवळलेली. शेवटचे घास डोळे मिटून गिळायचा. पंगतीत आग्रह करणारे मी पुष्कळ पाहिलेत. स्वतःलाच आग्रह करणारा हा पहिलाच. मी बघतच राहिलो.

"इतकी भूक लागते?" मी विचारलं.

"भूक?" तो हसला. "पंधराव्या वर्षी कोच म्हणाला, वजन वाढव. त्यानंतर मला भूक लागलेलीच नाही. सोमवारी पुन्हा वजन करतील. कमी भरलो तर घरी."

बायकोने दिलेलं थालीपीठ मी पुढे केलं. त्याने कितीतरी वेळ नुसता वास घेतला. मग नॅपकिनमध्ये नीट गुंडाळून परत दिलं.

"हे तुम्ही खा," तो म्हणाला. "माझ्या पोटात गेलं की त्याचं नुसतं वजन होईल."

यॉर्क गेलं आणि मला कडकडून भूक लागली. त्याच्यासमोर ती चैन करायचा धीर झाला नाही.