पाचवं माणूस

“फौजदारसाहेब, ह्या माणसानं माझी आई पळवली!”

“पळवली? माझी आवस आसा ती, सायबानु! ह्योच तिका ओढता!”

ती सकाळ आठवली की आजही माझं डोकं गरगरतं. पन्नासच्या दशकात मी मुलुंडच्या ठाण्यावर फौजदार होतो. माझ्या एका नजरेत सराईत दरोडेखोर न विचारलेल्या तीन गुन्ह्यांचीही कबुली देत, हे तिथल्या कोणालाही विचारा. विचारायला कोणी उरलं असेल तर. पण त्या दिवशी माझी पुरती वाट लागली.

हवालदारानं दोघांना नव्या सरकारी वसाहतीच्या फाटकातून उचलून आणलं होतं. एक शाळेतला शिपाई, दुसरा कारखान्यातला कोकणी फिटर. दोघांच्या मधे, एकेक दंड एकेकाच्या हातात, अशी पासष्टीची म्हातारी. आरडाओरडा असा, की कौलांवरचे कावळे उडाले ते थेट ट्रॉम्ब्याला जाऊन उतरले.

भानगड अशी. गरिबांसाठी सरकारनं नवे गाळे बांधले होते. नळ घरात, भाडं झेपेल इतकं, आणि पुढेमागे गाळा स्वतःच्या नावावर होण्याची आशा. अट एकच, कुटुंब पाच माणसांचं हवं. त्या दिवशी तपासनीस माणसं मोजायला आले होते. बारापर्यंत पाच डोकी उभी केली नाहीत, तर गाळा दुसऱ्याला. ह्या दोघांच्याही घरी नवरा, बायको, दोन मुलं. दोघांच्याही अर्जावर पाचवी आई. आणि आई ही एकच.

मी दोघांना वेगवेगळं बसवून जबाब घेतले. आईचं नाव? दोघांचं सारखं. गाव? सारखं. अंगावर खूण? “डाव्या मनगटावर तुळस गोंदलीय.” तीही सारखी, आणि म्हातारीच्या मनगटावर खरोखरच होती!

मग मी हुकमाचा पत्ता टाकला. दोघांना समोर उभं करून म्हटलं, “ह्या बाईवर पितळी हंडा चोरल्याचा आळ आहे. तिच्या मुलालाही आत टाकावं लागेल. बोला, कोणाची आई?”

वाटलं, दोघंही पळतील. तर शिपाई पुढे सरसावला, “हंडा मीच चोरला!”

“खोटा बोलता, सायबानु! हंडो मी घेतलंय!” फिटरनं छाती पुढे काढली.

हवालदार माझ्या कानाशी आला. “साहेब, डायरीत काय लिहू? आणि हंडा कुठाय?”

हंडा नव्हताच हो! नसलेल्या हंड्याचे दोन चोर माझ्यासमोर उभे, आणि घड्याळात साडेदहा.

दोघांना बाहेर काढलं. म्हातारीला चहा मागवला. ती बशीत ओतून पीत होती, जणू माहेरी आली होती.

“आजी, खरं सांगा. कोणाच्या आई तुम्ही?”

“कोणाचीच नाही रे बाबा. पोटी मूलच झालं नाही.”

“मग ह्या दोघांनी तुम्हाला फसवलं?”

“ते दोघे कसले फसवतायत! मीच धरलं त्यांना.” तिनं बशी खाली ठेवली. “नवरा गेल्यापासून घाटकोपरला चाळीच्या जिन्याखाली झोपते. अर्ज करायला गेले, तर कारकून म्हणाला, एकट्या बाईला गाळा नाही, कुटुंब आण. म्हटलं, आणते. रांगेत बघत बसले, कोणाकडे चारच माणसं आहेत ते. मग त्यांना म्हटलं, अर्जात मला आई म्हणून लावा, मला एक कोपरा द्या.”

“अहो, पण दोघांना कशाला?”

“एकाचा अर्ज फेटाळला असता तर?”

बावीस वर्षांच्या नोकरीत असा कट मी दुसरा पाहिला नाही. आरोपी कोण, फिर्यादी कोण, कलम कोणतं, काही सुचेना. खोटा अर्ज म्हणून तिघांनाही आत घेता आलं असतं. मग त्या दोन बायका आणि चार मुलं कुठे जाणार? मी विचारलं, “आता एकाचंच नाव सांगा.”

“खालचा मजला कोणाचा?”

“शिपायाचा.”

“मग त्याची. गुडघे दुखतात.”

मी तेवढंच लिहून घेतलं: शिपाई हा माझा मुलगा. तपासनिसांनी विचारलं तेव्हा जबाब वाचून दाखवला. मी एक अक्षर खोटं बोललो नाही. बाईनं जे सांगितलं, ते वाचलं.

फिटर रडकुंडीला आला. त्याची सख्खी आई गावी होती, पण घर सोडून यायला तयार नव्हती. मी तपासनिसांकडून त्याला पंधरा दिवस मागून घेतले. आपल्या जागी दुसरीच आई उभी केली होती हे कळल्यावर ती माउली पुढच्याच आगबोटीनं भाऊच्या धक्क्यावर उतरली, आणि म्हणतात, बोट लागायच्या आधीच तिच्या शिव्या ऐकू आल्या.

ह्या प्रकरणानं मला काय शिकवलं? खरं सांगतो, अजून नीट कळलेलं नाही. गुन्हा झाला होता, हे नक्की. गुन्हेगार नियम मोडणारे, की नियम करणारे, तिथे मी अडकतो.

वर्षभरानं गस्तीवर असताना त्या गाळ्यापाशी थांबलो. म्हातारी दारात बसून दोन्ही नातींना एकदम दम देत होती. आतून शिपायाची बायको पाणी घेऊन आली. मी हळूच विचारलं, “काय वहिनी, कशी आहे म्हातारी?”

ती म्हणाली, “सासूच आहे.”