बॉयलरच्या पोटातली ओ

पाणी स्वच्छ दिसतं म्हणून त्याच्यावर विश्वास ठेवू नये. त्याच्या पोटात दगड विरघळलेला असतो. गार असेपर्यंत पाणी तो मुकाट्याने वाहून नेतं, तापवलं की टाकून देतं. घरात पातेल्याच्या बुडाला पांढरा थर धरतो, तो हाच. बॉयलरमध्ये तो बोटभर जाड होतो आणि लोखंडाला असा चिकटतो की आग अलीकडे, पाणी पलीकडे. कोळसा दुप्पट जाळा, वाफ निम्मी. तो थर माणसाने आत शिरून, हातोडीने ठोकूनच काढावा लागतो. आमच्याकडे हे काम दाजी करायचे.

इस्पितळाच्या धुलाईघरामागे आमचं बॉयलरघर होतं. बॉयलर दोन, जुना आणि नवा. मी कामाला लागलो तेव्हा नव्यालाही गंज चढला होता, पण नाव नवाच. मी फिटर. दाजी बॉयलर चालवायचे आणि साफही करायचे. खरं तर ते एकाचेच दाजी. बायकोचा धाकटा भाऊ त्यांच्या हाताखाली होता आणि दिवसभर त्याचं चालायचं, "ओ दाजी, पाना द्या. ओ दाजी, भूक लागली." ते ऐकून ऐकून साहेबांपासून झाडूवालीपर्यंत सगळे त्यांना दाजी म्हणू लागले.

ठोका मारावा तर दाजींनी. जोरात मारलं तर लोखंडाला खड्डा पडतो, हळू मारलं तर थर नुसता चमकतो. मनगट सैल ठेवायचं, जोर हातोडीच्या वजनाचा घ्यायचा. मेहुण्याला ते जमत नव्हतं. दाजी बाहेरून ओरडायचे, "अरे, दार वाजवतोयस का? आतून कोणी उघडणार नाहीये!" आतून हसण्याचा आवाज यायचा, लोखंडात घुमून मोठा झालेला.

आता किल्लीचं सांगतो. बॉयलरच्या तळाशी एक व्हॉल्व असतो. तो उघडून खाली बसलेला गाळ सोडायचा. आमच्या दोन्ही बॉयलरचा गाळ एकाच नळातून जायचा आणि दोन्ही व्हॉल्वना किल्लीही एकच होती. नियम असा की जो बॉयलरच्या आत जाईल, किल्ली त्याच्या खिशात. मग दुसऱ्या, चालू बॉयलरचा व्हॉल्व कोणी उघडूच शकत नाही.

पण साफसफाई लांबली की चालू बॉयलरचा गाळ तुंबायचा. दाजींना ते सहन व्हायचं नाही. त्यांनी एक लोखंडी तुकडा कानसून दुसरी किल्ली केली. काम नेटकं व्हावं म्हणूनच केली. तिने बरेच महिने कोणाचं काही बिघडलं नाही.

त्या दिवशी मेहुणा जुन्याच्या पोटात होता. धुवणाचं पाणी निघून जावं म्हणून जुन्याचा तळाचा व्हॉल्व उघडाच होता. दाजींना वाटलं, तो बंद आहे. त्यांनी आपल्या किल्लीने नव्याचा गाळ सोडला.

दाबाखाली पाणी शंभर अंशांच्या वर गेलं तरी उकळत नाही, पाणीच राहतं. दाब सुटला की क्षणात त्याची वाफ होते. वाफ पांढरी असते असं लोकांना वाटतं. पांढरं दिसतं ते पुन्हा पाणी झालेलं. खरी वाफ दिसत नाही. फुटलेला नळ शोधताना आम्ही पुढे झाडू धरून चालायचो. काड्या तुटून पडल्या की समजायचं, इथे आहे. नव्यातली ती वाफ सामाईक नळातून उलटी जुन्यात शिरली. मेहुण्याला ओरडायलाही वेळ मिळाला नाही.

खरी किल्ली त्याच्या खिशात सापडली.

दाजींनी चौकशीची वाट पाहिली नाही. घरी जाऊन बायकोला आपल्या तोंडाने सगळं सांगितलं. ती काय बोलली ते कळलं नाही. चौकशीत अपघात ठरला. काही दिवसांनी दाजी कामावर आले आणि त्यांचा डबाही पूर्वीसारखाच भरलेला.

त्यानंतर साफसफाई झाली की झाकण बसवण्याआधी दाजी मॅनहोलमधून डोकं आत घालायचे आणि हाक मारायचे, "आहे का रे कोणी?" मग थांबायचे. आत कोणी नाही हे आम्ही आधीच बघितलेलं असायचं. तरी कोणी घाई केली नाही. एकदा एक कोळसावाला म्हणाला, "दाजी, असेल कोणी तर चहाला बोलवा." दाजींनी नुसतं त्याच्याकडे पाहिलं. पुन्हा कोणी थट्टा केली नाही.

पुढे पुढे त्यांचं थांबणं वाढत गेलं. एके दिवशी मला म्हणाले, "फिटर, तो ओ देतो."

मी म्हटलं, "दाजी, थर वाळला की तडकतो. लोखंड आणि क्षार सारखे आकसत नाहीत. खपली पडते, टक आवाज येतो."

"मला शिकवतोस? तुझ्याआधीपासून खपल्या काढतोय मी. खपली कधीही पडते. ही मी हाक मारल्यावरच पडते."



मग तो दिवस आला. नवा बॉयलर नळी फुटून बंद पडला होता, जुना साफ करून उघडा होता. वर इस्पितळात शस्त्रक्रियेच्या कपड्यांचे ढीग साचले होते. दाजी शेवटची नजर टाकायला आत गेले आणि बाहेरच येईनात. मी डोकावलो. अगदी टोकाला, गुडघे पोटाशी घेऊन बसले होते, तोंड चुन्याने पांढरंफटक.

"दाजी, चला."

"मी गेलो की तुम्ही झाकण लावाल, आग पेटवाल. आणि तो आत आहे."

साहेब वैतागले. "फिटर, मला वाफ पाहिजे. तासाभरात निघाला नाही तर रखवालदारांकडून ओढून काढतो. मग परत या दारात पाय ठेवायचा नाही, सांग त्याला."

नोकरीचं एक वेळ सोडा. पण असा ओढून काढलेला माणूस पुरता बाहेर येत नाही, अर्धा तिथेच राहतो. मी धावत त्यांच्या घरी गेलो. त्यांची बायको, आमच्या वहिनी, कपडे शिवायच्या. मी सांगितलं तसं मशीनवरून उठल्या. कात्री हातातच राहिली होती, ती वाटेत माझ्याकडे दिली.

मेलेल्या भावाच्या जागी त्या पहिल्यांदाच येत होत्या. शिडी चढल्या. मॅनहोलच्या काठावर दोन्ही हात टेकून आत वाकल्या. आधी नवऱ्याशी बोलल्याच नाहीत. हाक मारली, "धाकट्या! ए धाकट्या! ताई आलेय."

आवाज बॉयलरच्या पोटात फिरला आणि विरला. मग आतल्या अंधारातून स्पष्ट आलं, टक.

मी ऐकलं. वहिनींनीही ऐकलं. काठावरची त्यांची बोटं पांढरी पडली.

आतून दाजी म्हणाले, "ऐकलंस? ऐकलंस ना?"

वहिनी म्हणाल्या, "नाही. काही नाही ऐकलं."

"अगं, आत्ता—"

"तो असता तर मला ओ दिली असती. तुम्हाला कशाला देईल?"

वहिनींनी हात आत लांब केला.

"या आता. गुडघे आखडतील."

दाजी रांगत आले. बाहेर येऊन आधी माझ्याकडे वळले. "फिटर, तुझा कान चांगला आहे. खरं सांग." वहिनी माझ्याकडे बघत होत्या. मी म्हटलं, "नाही दाजी. काही नव्हतं."

झाकण त्यांनी स्वतः बसवलं. एकही नट वाकडा बसला नाही. पुढे निवृत्त होईपर्यंत त्यांनी बॉयलर साफ केले. हाक पुन्हा मारली नाही. मेहुण्याचं नावही आमच्यासमोर काढलं नाही.

त्या दिवशी वहिनी लगेच घरी गेल्या नाहीत. दाजी बॉयलरमध्ये पाणी भरत होते, तेव्हा त्या माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "भाऊ, ते काय होतं?"

"खपली, वहिनी. वाळली की पडते."

"नेहमी पडते?"

"नेहमी."

त्यांनी मान हलवली. पटलं की नाही, सांगता येत नाही. बॉयलरच्या पुढच्या, नुसत्या लोखंडाच्या पत्र्याजवळ स्टूल ओढून बसल्या आणि पत्र्यावर तळहात ठेवला. दाजींनी आग पेटवली. पाणी सावकाश तापतं. लोखंडासारखं पटकन तापून मोकळं होत नाही, उष्णता पीत राहतं. वहिनींना घाई नव्हती. पत्रा कोमट झाला, मग गरम. तळहात उचलला गेला, बोटं राहिली. मग नुसती बोटांची टोकं. दाजी फावडं धरून उभे होते, पुढचा कोळसा टाकायचा की नाही ते त्यांना कळेना.

"टाका," वहिनी म्हणाल्या, आणि हात काढून घेतला.