लक्ष्मणफळाची पानं

डहाणूच्या आमच्या घरामागे चिकूंच्या शेजारी लक्ष्मणफळाचं एक झाड आहे. मूळ दक्षिण अमेरिकेतलं; तिकडे त्याच्या पानांचा काढा औषध म्हणून पितात. मुंबईच्या प्रयोगशाळेत मी याच पानांवर काम करते. पानं सावलीत वाळवायची, दळायची, मिथेनॉलमध्ये भिजत ठेवायची, मग गाळून मिथेनॉल उडवून टाकायचं. तळाशी काळपट हिरवा, चिकट अर्क उरतो. तो कॅन्सरच्या पेशींवर घातला आणि पेशी मेल्या, तेव्हा मी आनंदाने बाबांना फोन केला. निरोगी पेशीही मरताहेत, हेसुद्धा सांगितलं होतं. पण बाबांना हवं तेवढंच ऐकू येतं.

पुढे ज्ञातीच्या हॉलमध्ये माझा सत्कार झाला. रेल्वेतून निवृत्त झालेल्या आमच्या बाबांच्या हातात माईक आला की सुटत नाही. "माझ्या मुलीने कॅन्सरवर औषध शोधलं," त्यांनी ठोकून दिलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. सत्कारात कोणी कोणाची चूक काढत नाही. मीही शाल पांघरून, नारळ मांडीवर घेऊन हसत बसले. खरं सांगायचं तर बरं वाटत होतं.

नंतर सुट्टीत घरी आले, तर बाबा पानं तोडत होते. कोणासाठी, म्हणून विचारलं. तलासरीकडचे एक काका आम्हाला दरवर्षी तांदूळ देतात, त्यांच्या घरी. काकींच्या छातीत गाठ निघाली होती, वलसाडला ऑपरेशन ठरलं होतं.

"रद्द केलं त्यांनी," बाबा खुशीत म्हणाले. "काढ्याने फरक पडतोय म्हणे."

मी इतकी ओरडले की शेजारच्या गुजराती बाई गॅलरीत आल्या. "बाबा, लॅबच्या प्लेटमधल्या पेशी फिनाईल ओतलं तरी मरतात! ते पाजाल का कोणाला?"

त्यांचा चेहरा पडला. "मग हॉलमध्ये का नाही बोललीस?" एवढंच त्यांनी विचारलं. आवाज बाबांवर चढवला होता, लाज मात्र मला माझीच वाटत होती.

आम्ही दोघांनी तशीच तलासरीची एसटी पकडली. आशागड मागे पडल्यावर बाबा म्हणाले, "मीच सांगतो त्यांना."

काकी ओटीवर बसल्या होत्या, पार सुकलेल्या. "डाक्टरीणबाय आली!" म्हणत धडपडत उठल्या आणि सुनेला चहा टाकायला सांगितला. बाबांनी बोलायचं ठरलं होतं, पण ते काकांना भाताच्या पिकाचंच विचारत राहिले. शेवटी मीच सांगितलं. पानं म्हणजे औषध नाही. गाठ काढ्याने जाणार नाही. ऑपरेशन करावंच लागेल.

काका माझ्याकडे वळले.

"ताय, तुझी आय असती हिच्या जागी, तर पाला पाजला असतास?"

"नाही."

"मग आमाला कसा दिला?"

सुनेने चहा आणला. तो नको म्हणायचंही धाडस आम्हाला झालं नाही. दोघांनी मुकाट्याने कप उचलले. उद्याच्या पहिल्या गाडीने सगळ्यांनी वलसाडला जायचं ठरलं.

निघताना काकींनी माझा हात धरला. काकांना ऐकू जाऊ नये असं हळू विचारलं, "अजून टाइम आहे ना गं?"

मला ठाऊक नव्हतं.

"आहे," मी म्हणाले.