माळ्यावरचे डोहाळे

झाडाला काय हवं ते मला विचारा, असं मी त्या काळी कुणालाही ठणकावून सांगत असे. झाडालाच विचारावं हे मात्र सुचत नव्हतं. आता माझे गुडघे बोलतात आणि मी मुकाट्याने ऐकते; तेव्हा मी बोलायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं, असा कारभार होता.

मुलाने नेदरलँड्समध्ये, आल्मेरेत घर घेतलं, सुनेची नोकरी सुरू झाली आणि नातीला सांभाळायला मला पुण्याहून बोलावून घेतलं. भिंतीला भिंत लागून एक डच बाई एकटीच राहायची. आयुष्यभर सुईणीचं काम केलेली. मज्जातंतूंच्या आजाराने तिचे पाय असे आखडत, की कुणीतरी आतून दोरखंड पिळतंय असं वाटतं, म्हणायची. ती मला ‘ब्यूरफ्राउ’ म्हणे, म्हणजे शेजारीणबाई. मीही तिला तेच म्हणे. दोघींचं इंग्रजी सारखंच मोडकं, त्यामुळे भांडण कधी रंगलंच नाही.

जिना चढवेना, म्हणून एके दिवशी तिने मला तिच्या माळ्यावर पाठवलं. वर काळ्या प्लॅस्टिकने बंद केलेला कोपरा, प्रखर दिवा आणि त्याखाली कुंड्यांत तीन झाडं. पंजासारखी पानं बघून मी खाली येऊन जाहीर केलं, “अगं, ही तर अंबाडी! उद्या कण्या घालून भाजी करते.”

ती इतकी हसली की तिचा पायच आखडला. मग डोळे पुसत म्हणाली, “कर. पण आधी मुलाला विचार. गांजा आहे तो.”

मुलाने कपाळाला हात लावला. “आई, माझं परमिट अजून नवं आहे. बायका इथे येऊन भिशी काढतात, भजनी मंडळ काढतात. तुला हेच सापडलं?”

“थोडीशी झाडं असली तर पोलीस बघत नाहीत, ती म्हणते.”

“आणि दिवा लावून वाढवली तर? मग धंदा समजतात.”

दिव्याचं मी विचारलं नव्हतं. पुढेही विचारलं नाही. “तिला झोप लागते ती त्या झाडांच्या फुलांवर,” मी म्हटलं. “गेल्या वेळच्या बरणीत तळाला राहिलंय. नवी फुलं आली नाहीत तर ती हिवाळा कसा काढणार? जिना तू चढतोस का?”

शेवटी तो म्हणाला, “पोरीला वर नेऊ नकोस.”

झाडं नुकतीच फुलावर येत होती. फांदीच्या बेचक्यात पांढरे केस दिसू लागले होते. या दिवसांत अर्धा दिवस उजेड आणि उरलेला वेळ मिट्ट काळोख लागतो. काळोखाला फट पडली की झाड बिथरतं, फुलणं विसरतं. दिवा आपोआप लागे आणि विझे. फटी बुजवणं आणि झाड वाढेल तसा दिवा वर उचलणं हे माझं काम. काळोखाचं मला लगेच पटलं. आमच्याकडे बाळंतिणीची खोली अशीच असायची. मी माझी एक जुनी सुती साडी दाराखाली कोंबली.

पटलं नाही ते खताचं. दोन बाटल्या होत्या, एक पानांसाठी, एक फुलांसाठी. पानांची आता कमी करत आण, फुलांची बेताने दे, आणि कुंडी उचलून हलकी लागली तरच पाणी घाल, असं तिने बजावलं. मी मान डोलावली. मनात म्हटलं, अशा अवस्थेत पोटाला चिमटा? आमच्याकडे याच दिवसांत डोहाळे पुरवतात! ही सुईण होती की तुरुंगाची जेलर? मी दोन्ही बाटल्या सढळ हाताने ओतल्या, वर तांदळाचं धुवण. खाली तिलाही तोच न्याय: रोज वाटीभर शिरा, वर तुपाची धार. वाटी दुसऱ्या दिवशी लख्ख होऊन परत यायची आणि मी फुगायची.

पानं काळपट हिरवी, तुकतुकीत झाली. बाळसं धरलंय, मी म्हटलं. मग टोकं करपली. पानं पक्ष्याच्या नखांसारखी खाली वळली. पांढरे केस होते तेवढेच राहिले.

मी एक पान तोडून तिच्यापुढे धरलं. तिने ते खिडकीच्या उजेडात नेलं.

“किती दिलंस?”

“डोहाळे पुरवले,” मी म्हटलं, आणि म्हणजे काय ते सांगितलं.

या वेळी ती हसली नाही. फडताळातल्या बरणीकडे बघत राहिली. बाळांना ओढून बाहेर काढणाऱ्या त्या बाईच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच भीती पाहिली.

“मी आत बाळंतपण करत असताना तुझ्यासारख्या सासवा डबे घेऊन दाराबाहेर बसायच्या,” ती हळूच म्हणाली. “आणि ब्यूरफ्राउ, शिरा मला गिळवत नाही गं. केव्हापासून. मी तो पोस्टमनला देते. जाड झालाय बिचारा.”

नंतर मी कुंड्यांतून नुसतं स्वच्छ पाणी भरभरून वाहू दिलं, दिवा हातभर वर उचलला आणि बाटल्या तिच्या ताब्यात दिल्या. मग करण्यासारखं काही उरलं नाही, आणि काही न करणं मला कुणी शिकवलंच नव्हतं. वर जायची, कुंडी उचलून बघायची, जड लागली की तशीच खाली यायची. तिच्याकडे रिकाम्या हाताने बसायची. ती सांगेल तेव्हा पोटऱ्या दाबायच्या, ती ‘पुरे’ म्हणाली की थांबायचं. फुलं येण्याआधीच बरणी संपली. पलीकडून तिचं कण्हणं ऐकू यायचं. सून टीव्हीचा आवाज वाढवायची, मुलगा तो कमी करायचा.

एक झाड गेलंच. उरलेल्या दोघांना नवी, साधी हिरवी पानं फुटली, आणि उशिरा का होईना, फुलं धरली. वाळवून बरणीत भरली तर अर्धीसुद्धा भरली नाही. तिने झाकण उघडून वास घेतला आणि बरणी जवळ ठेवून घेतली.

त्या रात्री भिंतीपलीकडून काहीच ऐकू आलं नाही. सकाळी मी दार वाजवलं. उत्तर नाही. माझ्याकडच्या किल्लीने मी दार उघडलं.

ती खुर्चीतच होती. पाय सैल पसरलेले, तोंड उघडं, आणि घोरणं असं की खिडकीची काच वाजावी.

माझ्या हातात शिऱ्याची वाटी होती. सवय, दुसरं काय! मी दार हळूच ओढून घेतलं आणि पोस्टमनची वाट बघत पायरीवर उभी राहिले.