यात ऋतू कुठाय?

हायकूच्या बाईंनी कुणाला शाबासकी दिल्याचं मला आठवत नाही. तीन ओळींचा कागद पुढे केला, की चष्मा कपाळावर चढवून त्या एवढंच विचारत, "यात ऋतू कुठाय?" आणि कागद परत.

आमच्या सॉफ्टवेअर कंपनीला जपानची कामं मिळू लागली, तेव्हा आम्हाला जपानी शिकवायला बाईंना बोलावलं होतं. यजमानांच्या नोकरीपायी त्या काही वर्षं ओसाकात राहिलेल्या. व्याकरण चोख शिकवत. पण शनिवारचा शेवटचा अर्धा तास हायकूचा, हे त्यांनी कंपनीकडून आधीच कबूल करून घेतलं होतं. आम्हाला परीक्षा पास होऊन विमानात बसायचं होतं. बाईंना आमच्याकडून एक, फक्त एक खरा हायकू हवा होता. त्यामुळे दोन्ही पक्ष कायम वैतागलेले.

हायकू म्हणजे तीन ओळींत पकडलेला क्षण, आणि त्यात ऋतूची खूण हवीच. झालं! कात्रजचा मुलगा चेरीच्या फुलांवर लिही, लोणी काळभोरहून येणारी मुलगी बर्फावर. "बर्फ कुठे पाहिलात आपण? फ्रीजमध्ये?" बाई विचारत. पुण्यात उन्हाळा आल्याचं कशावरून कळतं, असं त्यांनी एकदा विचारलं. मागून उत्तर आलं, लोडशेडिंगवरून. बाई हसल्या नाहीत. निदान ते डोळ्यांनी बघितलेलं तरी आहे, म्हणाल्या.

शाळेत भावार्थ लिहून गुण मिळवलेली पोरं आम्ही. मी तर हायकूखाली भावार्थही लिहून नेला होता. बाईंनी कागद वाचला आणि म्हणाल्या, "पाहुण्याला वाढलंत ते ठीक. आता घास चावूनही देणार का?" वर्ग आठवडाभर मला घासवाले म्हणत होता. माझं डोकंच फिरलं. हवंय तरी काय या बाईंना?

पुढे परीक्षा जवळ आली आणि मॅनेजरसाहेबांनी निरोप धाडला, की पुढच्या शनिवारपासून हायकू बंद, तो अर्धा तासही व्याकरणाला. त्या शेवटच्या तासाला बाईंचा आवाज पहिल्यांदाच उतरलेला होता. आज तरी स्वतः बघितलेलं लिहा, असं त्या जवळजवळ विनवत होत्या.

यवतमाळचा प्रमोद पेन आपटून म्हणाला, "बाई, कंपनीत बारा महिने एसी राहते. खिडकी उघडत नाही. ऋतू आणू कुठून?"

बाई थबकल्या. मग हळूच म्हणाल्या, "हेच लिहा. अगदी हेच."

"पण हे परीक्षेत येईल का?" प्रमोदने विचारलं.

बाईंनी फळा पुसला, पर्स उचलली आणि व्याकरणासाठी दुसरं कोणी बघा, असं मॅनेजरसाहेबांना सांगून गेल्या त्या गेल्याच. मला दोघांचाही राग आला. प्रमोदच्या हातात आलेलं त्याने सांडलं, आणि बाईंना ते उचलण्याइतका धीर नव्हता.

त्यानंतर आम्ही जपानला गेलो, चेरीखाली उभे राहून फोटो काढले, परत आलो. एकालाही तिथे एक ओळ सुचली नाही.

बाई वारल्याचं मला मागच्या महिन्यात कळलं. त्यानंतर एका दुपारी कॅन्टीनमध्ये चहा घेऊन खिडकीशी उभा होतो. खाली रस्त्यापलीकडे रसवंतीवाल्याचा चरक फिरत होता आणि त्याला बांधलेलं घुंगरू जोरात हलत होतं. काचेतून आवाज मात्र काडीचा येत नव्हता. मी टिश्यूपेपरवर लिहिलं:

बंद काच
रसवंतीचं घुंगरू
नुसतं हलतंय

भावार्थ लिहिला नाही. यात ऋतू आहे, बाई. पण दाखवायचा कुणाला? शेजारच्या टेबलावरच्या मुलीने वाकून वाचलं आणि विचारलं, "सर, पुढचं कुठंय?"